सुट्टीतली इंटर्नशिप: दहावी झालेल्या मुलाला कामावर पाठवताना

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि अकरावीचा वर्ग भरायला पावसाळा लागतो. मधल्या अडीच-तीन महिन्यांत सोसायटीच्या ग्रुपवर जाहिराती फिरू लागतात: ‘आठवी ते बारावीसाठी समर इंटर्नशिप, प्रमाणपत्रासह.’ बातम्यांतही हा शब्द सतत कानावर पडतो. केंद्राची एक योजना, राज्याची दुसरी, शिवाय नव्या शैक्षणिक धोरणातला उल्लेख. आईवडील मात्र गोंधळात असतात. पंधरा वर्षांच्या मुलाला कामावर पाठवणं कायद्यात बसतं का? त्याला तिथे कोण काय शिकवणार? आणि ओळखपाळख नसेल तर दारात उभं कोण करणार?

याची उत्तरं आहेत, आणि ती वाटतात त्यापेक्षा साधी आहेत. फक्त सुरुवात शब्दांपासून करायला हवी, कारण निम्मा गोंधळ शब्दांचाच आहे.

इंटर्नशिप, शिकाऊ उमेदवारी आणि नोकरी

नोकरीत मालकाला काम करून हवं असतं आणि त्याबद्दल तो पगार देतो. शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, ही एखादा धंदा पूर्ण शिकण्याची कायदेशीर व्यवस्था. तिला १९६१चा स्वतंत्र कायदा आहे, लेखी करार होतो, विद्यावेतन ठरलेलं असतं. त्या कायद्यात किमान वय १४ आहे आणि धोकादायक उद्योगांत १८.

शाळकरी मुलाची इंटर्नशिप या दोन्हींपेक्षा फार लहान गोष्ट आहे. एखाद्या खऱ्या कामाच्या जागी ठरावीक दिवस जायचं, कुणाच्या तरी हाताखाली थोडं काम करायचं आणि ते काम कसं चालतं हे समजून घ्यायचं, एवढंच. धंदा शिकून बाहेर पडण्याची अपेक्षा त्यात नसते.

बातम्यांतल्या योजना या वयासाठी नाहीत, हेही इथेच सांगून टाकू. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये आली तेव्हा तिची वयोमर्यादा २१ ते २४ होती. त्याच वर्षीची महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयासाठी. नुकत्याच दहावी झालेल्या मुलाने त्यांच्या संकेतस्थळांवर नाव नोंदवायची खटपट करू नये. त्याची वाट घराजवळच्या बाजारातून जाते.

लसूण सोलण्याची कसोटी

स्वयंपाकघरात मूल कसं शिकतं ते आठवा. पहिल्या दिवशी कुणी त्याच्या हाती फोडणीची कढई देत नाही. आधी लसूण सोलायला देतात. नीट सोलला नाही तर आई परत सोलते, दोन मिनिटं जातात, बाकी काही बिघडत नाही. पण तो लसूण त्याच रात्री आमटीत पडणार असतो. म्हणजे काम हलकं आहे, तरी खोटं नाही. कुणीतरी त्याची वाट बघतंय.

चांगल्या इंटर्नशिपची कसोटी हीच. मुलाने काम केलं नाही तर कुणाचं तरी थोडं अडलं पाहिजे, आणि चुकलं तर ते सहज दुरुस्त झालं पाहिजे. यातलं पहिलं नसेल तर मूल कोपऱ्यात मोबाइल बघत बसतं. दुसरं नसेल तर घाबरून जातं, किंवा मालकाचं नुकसान करून येतं.

आपल्याकडे हा प्रयोग पूर्वी कुठे फसला तेही यावरून कळतं. कामातून शिक्षण ही परदेशी आयात नाही. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली, ती हस्तव्यवसायाभोवतीच. १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असं नाव दिलं. महाराष्ट्रातल्या शाळांत कार्यानुभवाचा तास वर्षानुवर्षं होता. पण त्या तासाला केलेली कागदी फुलं आणि पाकिटं बहुतेक शाळांत कपाटात गेली. पाकीट वाकडं चिकटलं तरी कुणाचं पत्र अडत नव्हतं. उत्पादक हा शब्द नावापुरता उरला.

पुण्याजवळच्या पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, तो नेमका हे उलटवण्यासाठी. तिथली मुलं शिकताना गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा देत. वेल्डिंग शिकायचं ते कुणाचं तरी फाटक बनवता बनवता. फाटक लागलं नाही तर गावकरी परत येणार, ही जाणीवच शिक्षकाचं अर्धं काम करते.

नव्या धोरणात नेमकं काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं की सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवावं: सुतार, माळी, कुंभार, कलाकार. अशाच संधी सहावी ते बारावीत, सुट्टीच्या काळातही, द्याव्यात असं त्यात म्हटलं आहे. या दहा दिवसांसाठीची मार्गदर्शक सूत्रं एनसीईआरटीने जुलै २०२४ मध्ये काढली.

२०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामांचे तीन गट केले आहेत: सजीवांबरोबरचं काम, यंत्रं आणि साहित्याबरोबरचं काम, आणि माणसांची सेवा. ही विभागणी घरीही वापरण्यासारखी आहे. ‘तुला काय व्हायचंय?’ या प्रश्नाला पंधराव्या वर्षी प्रामाणिक उत्तर नसतं. ‘झाडं-प्राणी, वस्तू की माणसं, कशाबरोबर दिवस काढायला आवडेल?’ या प्रश्नाला बहुतेक मुलं पटकन उत्तर देतात.

दहा दिवस फार थोडे वाटतात का? जपानच्या ह्योगो प्रांतात १९९८ पासून आठवीच्या मुलांना पाच दिवस आसपासच्या दुकानांत, शेतांत, पाळणाघरांत पाठवतात. एवढ्यात व्यवसाय येत नाही, पण काम करणारा माणूस दिवसभर कसा उभा असतो ते दिसतं. स्वतःचं असं काही करून दाखवायला मात्र महिना हवा, आणि तो मेमध्येच मिळतो.

वर्गात न मिळणारं काय मिळतं?

उदाहरण छपाईच्या दुकानाचं घेऊ. ग्राहकाला ५०० व्हिजिटिंग कार्डं हवी आहेत. कार्ड साडेतीन बाय दोन इंच, कागद बारा बाय अठरा. वर्गात हे गणित एका ओळीचं आहे. कागद २१६ चौरस इंच, कार्ड ७ चौरस इंच, भागाकार तिसाच्या थोडा वर. म्हणजे एका कागदात ३० कार्डं आणि ५०० कार्डांना १७ कागद.

दुकानातला कारागीर हे ऐकून मान हलवतो. कार्डाच्या कडेपर्यंत रंग असेल तर कापताना पांढरी रेघ राहू नये म्हणून छपाई चारही बाजूंनी थोडी जास्त घ्यावी लागते. त्या जादा पट्टीला ब्लीड म्हणतात. अष्टमांश इंच ब्लीड धरलं की कार्ड पावणेचार बाय सव्वादोन होतं. बारा इंचांत अशी तीन बसतात. अठरा इंचांत आठ अगदी काठोकाठ बसतात, पण मशीनला कागद धरायला कड मोकळी लागते, म्हणून सातच. तीन साते एकवीस. आता ५०० कार्डांना २४ कागद लागले, आणि पहिले दोन-तीन रंग जुळवण्यात जातात ते वेगळे.

ज्या मुलाने सतरा कागदांचा भाव सांगितला त्याला नऊ-दहा कागदांचा तोटा स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. क्षेत्रफळाचा भागाकार चुकला नव्हता. कडेला उरलेले तुकडे जोडून कार्ड होत नाही, हे त्या भागाकाराला माहीत नव्हतं.

सीएच्या छोट्या कार्यालयात तसंच. बँकेचं स्टेटमेंट आणि हिशेबाची वही समोरासमोर ठेवून नोंदी जुळवायच्या. शेवटी ९० रुपयांचा फरक राहतो. जुना कारकून आधी एक गोष्ट पाहतो: फरकाला नऊने भाग जातो का? जात असेल तर कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता मोठी, ५४० ऐवजी ४५०. असं का होतं ते मुलाने घरी बीजगणितात मांडून बघावं. दहाचा अंक आणि एककाचा अंक अदलाबदल केले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. शाळेत शिकलेली गोष्ट तिथे पहिल्यांदा कामाला येते.

रोपवाटिकेत मे महिना पावसाळ्याच्या तयारीचा. दोन घमेली माती, एक शेणखत, एक वाळू असं मिश्रण पिशव्यांत भरायचं, शंभर बिया पेरायच्या, किती उगवल्या ते रोज मोजायचं. पंधराव्या दिवशी टक्केवारी काढताना शंभरातल्या तीस का उगवल्या नाहीत हा प्रश्न आपोआप पडतो. बी जुनं होतं, खोल पेरलं गेलं, की दुपारच्या उन्हात पिशवी वाळली?

पण ही बालमजुरी नाही का?

हा प्रश्न विचारायलाच हवा. नुसतं ‘शिकायला आलाय’ असं म्हटल्याने कायदा बाजूला सरत नाही.

बालकामगार कायदा १९८६चा, त्यात २०१६ मध्ये मोठा बदल झाला. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. शाळेव्यतिरिक्तच्या वेळेत किंवा सुट्टीत घरच्यांना, घरच्या बिनधोक व्यवसायात मदत करणं आणि काही अटींवर कलाकार म्हणून काम करणं, एवढेच अपवाद. कायदा मोडणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे आठवीपर्यंतच्या मुलाने कारागिराकडे जायचं ते शाळेने आखलेल्या उपक्रमातून, बघायला आणि हात लावून पाहायला. एकट्याने कामावर नव्हे.

१४ ते १८ हे वय कायद्याच्या भाषेत किशोर. त्यांना धोकादायक कामं बंद आहेत: खाणी, ज्वालाग्राही पदार्थ आणि स्फोटकं, आणि ज्यांना धोकादायक प्रक्रिया म्हटलं आहे ती कामं. मुंबईत हे प्रत्यक्ष लागू पडतं. धातू ओतण्याचं काम, चामडं कमावणं, इलेक्ट्रोप्लेटिंग, रसायनांचं काम हे सगळं त्या यादीत येतं. धारावीत चामड्याच्या बॅगा शिवण्याच्या जागी कुणी बोलावलं तर तिथे कमावण्याचं किंवा रसायनांचं काम होतं का, हे आधी आत जाऊन बघावं.

बाकी ठिकाणी वेळेच्या मर्यादा आहेत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तास विश्रांती. विश्रांती आणि ताटकळणं धरून दिवसाचे एकूण सहा तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम नाही. जादा वेळ नाही. एका दिवशी दोन ठिकाणी नाही. आठवड्यात एक पूर्ण सुट्टी. इंटर्नशिप बिनपगारी असली तरी याच चौकटीत आखावी. मालकही निर्धास्त राहतो.

दुकानदाराचे स्वतःचे नियम याहून कडक असायला हवेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीच्या दुकानात मूल बंद बोर्डावर मल्टिमीटर लावून कुठली वाट तुटली आहे ते शोधू शकतं. चालू २३० व्होल्टच्या वायरीला हात नाही. छपाईच्या दुकानात मोजणं, प्रूफ वाचणं, गठ्ठे बांधणं चालेल. कटिंग मशीनच्या आसपास उभंही राहायचं नाही. औषधांच्या दुकानात मुदत संपत आलेल्या पट्ट्या शोधून पुढच्या रांगेत लावणं हे उत्तम काम आहे. ग्राहकाच्या हाती औषध देणं हे फार्मासिस्टचं काम आहे, मुलाचं नाही.

ओळख नसेल तर जागा कशी मिळणार?

मोठ्या कंपनीच्या चकचकीत कार्यालयापेक्षा चार-पाच माणसांचं दुकान या वयाला बरं. मोठ्या ठिकाणी मुलाला देण्याजोगं काम शोधायला कुणाला वेळ नसतो, आणि परवानग्यांतच एप्रिल जातो. छोट्या दुकानात मालक स्वतः समोर असतो आणि सगळं काम एकाच खोलीत दिसतं.

घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरातल्या पंधरा जागांची यादी करा. ग्रंथालय, शिंपी, सायकल दुरुस्ती, रोपवाटिका, छपाई, हिशेबनीस, वास्तुरचनाकार, पाळणाघर, बेकरी, चष्म्याचं दुकान. मग प्रत्येकाचा हंगाम बघा, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. लग्नसराईत पत्रिका छापणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. वह्या-पुस्तकांच्या दुकानात मेअखेरपासून झुंबड उडते, गणवेश शिवणाऱ्या शिंप्याकडेही तसंच. सीएकडे जुलै जवळ आला की विवरणपत्रांची घाई सुरू होते. ज्याचा हंगाम महिनाभरावर आला आहे, अशा दुकानात जा. त्याला मदत हवी असते आणि शिकवायला अजून वेळही असतो.

विचारायला मुलाने स्वतः जावं. आईबाबांपैकी कुणीतरी बाहेर थांबावं, नंतर भेटावं. वेळ साधारण सकाळी अकरा किंवा दुपारी तीन. संध्याकाळी सहाला गर्दीत गेलात तर ‘नंतर ये’ हेच ऐकायला मिळेल. काय बोलायचं ते चार वाक्यांत बसतं: ‘काका, माझी दहावीची परीक्षा झाली. मेमध्ये चार आठवडे, रोज चार तास तुमच्याकडे काम शिकायला यायचंय. पगार नको. मोजणं, लिहिणं, लावणं असं काहीही देऊ शकता.’ शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. ‘काहीतरी शिकवा’ म्हटलं की दुकानदाराला ओझं वाटतं. ‘मोजून देतो’ म्हटलं की त्याला मागच्या फळीवरचा दोन वर्षांचा पसारा आठवतो.

पंधरांपैकी तीन जण विचार करतो म्हणाले तरी पुरे. नकार ऐकणं हाही या शिक्षणाचा भाग आहे, पण तिसऱ्या नकारानंतर मूल खचतं. त्या दिवशी आणखी दारं झिजवू नका, घरी या.

जागा ठरली की एका पानाचं पत्र करा: कोणत्या तारखा, कोणत्या वेळा, कोणाच्या देखरेखीखाली, कोणती कामं करायची, कोणती करायची नाहीत, दुखापत झाली तर कोणाला फोन. खाली मालकाची आणि पालकाची सही. १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार भारतीय कायद्यात ग्राह्य धरत नाहीत, म्हणून कुणी मुलाकडून गोपनीयतेच्या किंवा कसल्याही करारावर सही मागितली तर त्याने करू नये. गोपनीयता पाळायची ती मात्र पाळायचीच. ग्राहकाच्या कागदांचा, आधार कार्डाचा, औषधाच्या चिठ्ठीचा फोटो काढायचा नाही, घरी नावं सांगायची नाहीत.

चार आठवडे, ऐंशी तास

अकराला सुरुवात, दीडला जेवण, अडीचला पुन्हा, चारला सुट्टी. काम चार तासांचं होतं आणि जेवणाची तासाभराची विश्रांती मध्ये येते. सकाळची लोकलची गर्दी ओसरल्यावर निघता येतं, संध्याकाळची सुरू होण्याआधी घरी पोचता येतं. आठवड्याला पाच दिवस धरले तर चार आठवड्यांत ८० तास होतात. सवलतीचा पास घर ते शाळा याच मार्गासाठी असतो, त्यामुळे दूरच्या जागेचा तिकीटखर्च वेगळा धरा. जवळची जागा निवडायचं हेही एक कारण.

पहिले तीन दिवस फक्त बघणं. पण हात बांधून नव्हे. दुकानाचा नकाशा काढायचा, कुठली वस्तू कुठे, ग्राहक आल्यापासून माल हाती पडेपर्यंत किती टप्पे, कुठे वाट बघावी लागते. चौथ्या दिवसापासून एक ठरलेलं काम, रोज तेच. कंटाळा येईल, येऊ द्या. पन्नास वेळा केल्यावरच हात बसतो आणि एकावन्नाव्या वेळी हे वेगळ्या तऱ्हेने करता येईल असं सुचतं.

तिसऱ्या आठवड्यात मुलाला स्वतःचं म्हणता येईल असं एक काम द्यायला मालकाला सांगा. साठ्याची यादी, बटणांच्या बरण्यांना लेबलं, ग्रंथालयातल्या एका कपाटाची पडताळणी, जुन्या मापांची वही नव्याने उतरवणं. ते इतकं लहान हवं की आठ दिवसांत संपेल. ‘दुकानाची वेबसाइट बनव’ किंवा ‘इन्स्टाग्राम सांभाळ’ हे टाळा. मुलांना फोनमधलं कळतं असं समजून ही कामं दिली जातात, पण त्यात दुकानातलं कुणीच काही शिकवू शकत नाही, आणि ती कधी संपतही नाहीत. मूल घरी बसून जे करू शकलं असतं तेच पंख्याखाली बसून करतं.

रोज चारला निघण्याआधी दहा मिनिटं वही. आज काय केलं, किती केलं, कुठे चुकलं, कुणी काय सांगितलं, काय कळलं नाही. पाच ओळी. ‘खूप छान अनुभव आला’ ही ओळ चालणार नाही. ‘३२ गठ्ठे मोजले, दोनदा ४९ निघाले, कारण ओला अंगठा दोन कागद एकत्र उचलतो’ ही चालेल.

बिघडतं ते साधारण दुसऱ्या आठवड्यात. मालक बाहेरगावी जातो आणि देखरेख करणारं कुणी उरत नाही. किंवा मूल नुसतं चहा आणायला आणि झेरॉक्सला जुंपलं जातं. एक-दोनदा चहा आणण्यात कमीपणा नाही, दुकानात सगळेच आणतात. पण तीन दिवस वहीत चहाशिवाय काही नसेल तर पालकांनी जाऊन शांतपणे विचारावं: ‘ठरलेलं मोजणीचं काम कधी सुरू करू या?’ बहुतेक वेळा मालकाच्या ते लक्षातच राहिलेलं नसतं. आठवड्यानेही फरक पडला नाही तर आभार मानून बाहेर पडावं.

पैसे घ्यावेत का, द्यावेत का?

कुणी इंटर्नशिपसाठी पैसे मागत असेल तर ती इंटर्नशिप नाही, शिबिर आहे. शिबिरात वाईट काही नाही, त्यातही शिकता येतं. फक्त तिथे मूल ग्राहक असतं. त्याच्या कामाची वाट कुणी बघत नसतं. जाहिरातीत प्रमाणपत्राचा उल्लेख आधी आणि कामाचा नंतर असेल, कोणाच्या हाताखाली काम करायचं त्या माणसाचं नाव नसेल, तर काय विकलं जातंय ते ओळखा.

मुलाला पैसे मिळावेत का? पहिल्या दोन आठवड्यांत मूल दुकानाचा वेळ घेतं, देत नाही. प्रवास आणि जेवणाचा खर्च निघाला तर उत्तम. पण नेहमीच्या माणसाला सुट्टी देऊन त्याच्या जागी बिनपगारी मुलाला उभं केलं असेल, तर ते शिकवणं राहिलं नाही. ते मुलाचंही नुकसान आणि त्या माणसाचंही. अशा वेळी थांबवावं.

अकरावीच्या क्लासचं काय? आणि मुलीला एकटी कशी पाठवू?

व्हेकेशन बॅच साधारणपणे सकाळी असते, काम अकरा ते चार. दोन्ही बसतात, पण दोन्ही केलं तर मूल थकतं. एप्रिलमध्ये क्लास आणि मेमध्ये काम अशी वाटणी जास्त चालते. सायन्स की कॉमर्स हे ठरवताना प्रयोगशाळेत किंवा हिशेबाच्या टेबलावर काढलेले ऐंशी तास नातेवाइकांच्या सल्ल्यापेक्षा उपयोगी पडतात. हे आपलं नाही एवढंच कळलं तरी चुकीच्या शाखेतली दोन वर्षं वाचतात.

सुरक्षिततेची काळजी मुलींबद्दल व्यक्त होते, पण ती मुलांबाबतही तितकीच हवी. १८ वर्षांखालच्या कुणावरही, मुलगा असो की मुलगी, होणारा लैंगिक अत्याचार २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली येतो आणि कळल्यावर तो न कळवणं हाही गुन्हा आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि प्रशिक्षणार्थीही त्यात येतात. लहान दुकानांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८.

कायद्याच्या आधी साध्या गोष्टी. जागा आधी स्वतः बघा. रस्त्यावरून आत दिसतं का? स्वच्छतागृह कुठे आहे आणि त्याला कडी लागते का? मुंबईतल्या अनेक छोट्या दुकानांना स्वतःचं नसतं, म्हणून हा प्रश्न लाजून टाळू नका, मुलींच्या पालकांनी तर नाहीच. आतल्या बंद खोलीत एकट्या माणसाबरोबर काम नाही, मालकाबरोबर गाडीवरून माल पोचवायला जाणं नाही, कामाबाहेरच्या वेळी वैयक्तिक मेसेज नाहीत, हे पहिल्याच दिवशी मुलासमोर मालकाला सांगा. चांगला माणूस याने दुखावत नाही. आणि मुलाला एक वाक्य द्या: ‘आई, मला घ्यायला ये.’ ते आलं की कारण न विचारता जायचं. विचारपूस नंतर.

शेवटच्या दिवशी हाती काय हवं?

सोनेरी किनारीच्या प्रमाणपत्राचा उपयोग भिंतीवर लावण्यापुरता. त्याऐवजी मालकाच्या लेटरहेडवर, ते नसेल तर साध्या कागदावर शिक्का मारून, चार ओळी लिहून घ्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण किती तास, नेमकं काय काम केलं, त्यातलं काय दुकानात पुढे वापरलं जाणार आहे. बरेच दुकानदार म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मग वही उघडून आकड्यांसकट लिहावं, विशेषणं गाळून. पुढे कुठे अर्ज करताना वाचणाऱ्याला विशेषणांतून काही कळत नाही, ‘चार कपाटांतली ६४० पुस्तकं नोंदवहीशी ताडून पाहिली, १७ सापडली नाहीत’ यातून कळतं.

याखेरीज मुलाने दुकानासाठी एक पान मागे ठेवावं. आपण महिनाभर जे काम केलं ते कसं करायचं, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत, कुठे चुकतं आणि का. शेवटच्या दिवशी ते पान ज्याला हे काम येत नाही अशा दुकानातल्या कुणाच्या तरी हाती द्यायचं आणि बाजूला उभं राहायचं, तोंडाने काही सांगायचं नाही. तो ज्या ओळीवर अडेल, ती ओळ तिथेच बसून पुन्हा लिहायची.